मोटार कुरकुरू लागते तेव्हा

आपल्या बेटावर मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ज्यांचे आजे-पणजे उसाच्या मळ्यांतून पायी किंवा बैलगाडीने ये-जा करीत, त्यांची नातवंडे आज वाक्वाहून पोर्ट लुईला कामावर, कास्कावेलहून क्युरपिपला बाजाराला आणि रविवारी साऱ्या कुटुंबासह समुद्रकाठी मोटारीनेच जातात. पुष्कळांच्या घरी जपानमधून आलेली, दुसऱ्याने वापरलेली गाडी असते. ती हप्त्यांवर घेतलेली असते, आणि घरातील म्हाताऱ्यांचे दवाखाने, मुलांच्या शिकवण्या, लग्ने-बारशी हे सारे तिच्यावर अवलंबून असते. अशा गाडीतून एके दिवशी एक नवाच आवाज येऊ लागतो. कालपर्यंत नव्हता, आज आहे. बसलेल्या सर्वांच्या माना एकदम वळतात आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेला बोट दाखवितो!

या प्रसंगी माणसे दोन प्रकारे वागतात असे आम्हांस दिसून आले आहे. काही जण रेडिओचा आवाज वाढवितात आणि आतली कुरकुर ऐकू येईनाशी झाली की दुखणे बरे झाले असे मानतात. दुसरे काही जण थेट गॅरेज गाठतात आणि ‘काहीतरी आवाज येतो, बघा’ एवढे सांगून किल्ली कारागिराच्या हाती देतात. पहिल्या प्रकारात जिवाला धोका आहे, दुसऱ्या प्रकारात खिशाला. कारण नीट माहिती न मिळालेला कारागीर अंदाजाने एकेक भाग बदलू लागतो आणि मग आपल्याकडे म्हणतात तसे होते – आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आमचे सांगणे एवढेच आहे की, मोटारीतील प्रत्येक आवाजाला एक पत्ता असतो. मात्र तो पत्ता ‘कोठून येतो?’ असे विचारून सापडत नाही. ‘केव्हा येतो?’ असे विचारून सापडतो. हे ज्याला उमगले त्याला यंत्रविद्या शिकावी लागत नाही. कान, थोडा धीर आणि एक वही एवढे त्याला पुरते.

कान का फसतात?

प्रथम हे समजून घेऊ या की, चालत्या गाडीत आपले कान दिशा दाखविण्याच्या कामी फारसे भरवशाचे नसतात. आवाज डावीकडून आला की तो डाव्या कानाला किंचित आधी आणि उजव्या कानाला किंचित नंतर पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. आवाज बारीक असेल तर डोक्याच्या आडोशामुळे तो एका कानाला मोठा व दुसऱ्याला लहान ऐकू येतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या.

उघड्या रानात ही युक्ती उत्तम चालते. मोटारीत मात्र काचा, छत आणि दारे यांच्यावर आपटून तोच आवाज चहूकडून कानांवर येतो. त्यातून घुमणारा, जाड आवाज असला तर पंचाईत आणखी वाढते. सेकंदाला १०० कंपने असलेल्या आवाजाची एक लाट हवेत सुमारे साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे जवळजवळ लहान मोटारीएवढीच! ती साऱ्या गाडीत भरून राहते. शिवाय आवाज केवळ हवेतून येत नाही. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादातून त्याच्या दहापटीहूनही अधिक वेगाने धावतो. चाकापाशी जन्मलेली घरघर सांगाड्यातून धावत येऊन आपल्या पायाखालच्या पत्र्यात प्रकट होते आणि आपण म्हणतो की बिघाड पायाखालीच आहे. सबब, बोट दाखविण्याची घाई कोणी करू नये.

आधी डिकी रिकामी करा

शोधाची पहिली पायरी अगदी साधी आहे, आणि म्हणूनच ती बहुतेक जण विसरतात. गाडीतील सर्व सुटे सामान खाली उतरवा. सीटखाली घरंगळणारी पाण्याची बाटली, दाराच्या कप्प्यातील सुटी नाणी, डिकीतील जॅक, नीट न आवळलेले जादा चाक – यांच्यामुळे किती तरी लोकांची झोप उडाली आहे. गणेश चतुर्थीनंतर तर हे फारच घडते. विसर्जनाहून परतताना झाकरीची झांज, ढोलकी, तांब्या, पाट आणि एखाददुसरा नारळ डिकीत राहून जातो, आणि पुढे आठवडाभर प्रत्येक वळणावर गाडी मागून खणखणत राहते. गाडीत भूत शिरल्यासारखे वाटते, आणि ते भूत पितळेचे असते!

ऊसतोडीच्या महिन्यांत, म्हणजे साधारण जून ते डिसेंबर या काळात, गाडीखालीही वाकून पाहावे. लॉऱ्यांवरून पडलेले पाचट आणि उसाचे तुकडे खाली अडकून रस्त्याला घासतात व चरचर आवाज करतात. वाळलेले पाचट तापलेल्या सायलेन्सरला चिकटून राहणे धोक्याचेही आहे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर ते काढून टाकावे.

पाच प्रश्न

सामान उतरविले तरी आवाज कायम आहे, तर मग वही घ्यावी. एक जण गाडी चालवील आणि दुसरा ऐकेल, अशी वाटणी करावी. चालविणाऱ्याने फक्त रस्त्याकडे पाहावे. दिवसाउजेडी, वर्दळ नसलेल्या ओळखीच्या रस्त्यावर जावे आणि पुढील पाच प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

पहिला प्रश्न : गाडी उभी आणि इंजिन चालू असताना आवाज येतो का? येत असेल तर चाके, टायर आणि ब्रेक बहुतेक निर्दोष ठरतात. आवाज इंजिनाच्या बाजूचा, नाहीतर सायलेन्सरचा.

दुसरा प्रश्न : आवाज कशाबरोबर वाढतो, इंजिनाच्या गतीबरोबर की गाडीच्या वेगाबरोबर? सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी पन्नासच्या वेगाने जात असताना क्षणभर गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. इंजिनाची गती उतरते, गाडी मात्र त्याच वेगाने पुढे जाते. आवाज इंजिनाबरोबर उतरला तर दोष इंजिनाकडे, आणि तसाच राहिला तर चाकांकडे. हे करताना इंजिन मात्र कधीही बंद करू नये. ते बंद पडले की ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते. किल्ली फिरवून काढली तर स्टिअरिंगला कुलूपही बसू शकते. उतारावर तर हा प्रयोग मुळीच करू नये.

तिसरा प्रश्न : ब्रेक दाबल्यावर आवाज सुरू होतो, थांबतो की बदलतो?

चौथा प्रश्न : वळताना काय होते? डावीकडे वळताना एक आणि उजवीकडे वळताना दुसरे, असे काही आहे का?

पाचवा प्रश्न : रस्ता आणि हवा यांचा काही संबंध आहे का? गुळगुळीत डांबरावर आवाज नाहीसा होतो का? गतिरोधकावर किंवा मेट्रोचे रूळ ओलांडतानाच तेवढा ‘ठक’ होतो का? सकाळी दमट हवेत येतो आणि दुपारी जातो का?

या पाचांत एक उपप्रश्नही जोडावा, तो म्हणजे मोजणीचा. आवाज ठराविक तालात येत असेल तर तो मोजता येतो. लहान मोटारीच्या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर असतो. ताशी १० किलोमीटर वेगाने जाताना असे चाक दहा सेकंदांत सुमारे पंधरा वेळा फिरते. त्या वेगाला दहा सेकंदांत पंधराच्या आसपास ‘टक’ ऐकू आले तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक याप्रमाणे काहीतरी आपटते आहे. टायरच्या खाचेत रुतलेला खडा किंवा खिळा प्रथम पाहावा. खिळा दिसला तर तेथेच उपटू नये, टायरवाल्याकडे जावे. उलट, उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असताना त्याची प्रत्येक झडप ४५० वेळा, म्हणजे सेकंदाला साडेसात वेळा उघडते. इतक्या जलद तालाची टिकटिक ऐकू आली तर ती चाकाची खासच नव्हे. अशा वेळी प्रथम तेलाची पातळी पाहावी.

आणखी एक देशी युक्ती आपल्या बेटावर सहज जमते. रस्त्याकडेच्या काळ्या दगडी भिंती आपल्याला नव्या नाहीत. अशी एखादी लांब भिंत डाव्या हाताला असेल तर डावीकडची काच खाली करून तिच्या शेजारून सावकाश गाडी न्यावी. डाव्या चाकांचा आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट परत येतो. मग परतीच्या वाटेवर, भिंत दूर असताना, तोच आवाज किती मंदावतो ते पाहावे.

एका घुमणाऱ्या आवाजाची हकिकत

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते आमच्या घरच्या मोटारीच्या उदाहरणाने सांगतो. ही गाडी दर मंगळवारी कास्कावेलच्या आमच्या वृद्ध मावशींना रुग्णालयात नेते व परत आणते. ती आठवडाभर उभी राहिली तर मावशींचा उपचार चुकणार, अशी स्थिती. तिच्यातून घूं-घूं असा, विमान दूरवर जात असावे तसा आवाज येऊ लागला. ताशी चाळीसपर्यंत काही नाही, पन्नासला सुरू, सत्तरला बोलणे कठीण. एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले की गिअरबॉक्स उघडावा लागेल, गाडी सात-आठ दिवस ठेवावी लागेल, आणि खर्चाचा आकडा महिन्याच्या पगारापुढे जाणारा होता.

आम्ही होकार देण्यापूर्वी आमच्या ओळखीच्या एका काकांना विचारले. त्यांनी उमेदीची वर्षे बसगाड्यांच्या दुरुस्तीत घालविली आहेत. काका म्हणाले, “बॉल्ट नंतर खोलू. आधी मला मागच्या सीटवर बसवून फिरवून आणा.”

फिनिक्सहून पोर्ट लुईकडे जाणाऱ्या मोटरवेवर काकांनी प्रथम रस्त्याची खडबड आणि आवाज यांची जोडी पाहिली. खरखरीत डांबर संपून गुळगुळीत डांबर आले तरी घुमणे तितकेच राहिले. टायरचा आवाज असता तर तो रस्त्याबरोबर बदलला असता. काकांनी वहीत लिहायला सांगितले – ‘टायर नसावा.’ पुढे मोकळ्या सपाट भागात गिअर न्यूट्रलमध्ये आणविला. इंजिन शांत झाले, घुमणे जसेच्या तसे. ‘इंजिन नाही.’

मग पाल्माकडून बो-साँजच्या बाजूला उतरणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या लांब वळणांवर, काकांनी डोळे मिटून घेतले. डाव्या वळणावर घुमणे वाढले, उजव्या वळणावर जवळजवळ थांबले. दुसऱ्या वळणालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. काका म्हणाले, “गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन कोणत्या चाकांवर पडते?” आमच्या मुलाने उत्तर दिले, “उजव्या.” “मग रडते कोण?” काका हसून म्हणाले. पुढच्या सीटवर बसून त्यांनी पुन्हा एकदा ऐकले आणि वहीत शेवटची ओळ लिहविली – ‘पुढचे उजवे चाक, बेअरिंग.’

घरी आल्यावर सपाट जागी, चाकांना दगड लावून, जॅकच्या जोडीला भक्कम लोखंडी आधार देऊन त्यांनी ते चाक जमिनीवरून उचलले. एक हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने चाक फिरविले. आम्हांलाही हात लावायला सांगितले. स्प्रिंगमधून तांदळात बोटे फिरवावीत तशी खरखर जाणवत होती. डाव्या चाकाला तसे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ते बेअरिंग, ज्याला आपले कारागीर फ्रेंच नावाने रुलमां म्हणतात, बदलण्यात आले. अर्ध्या दिवसाचे काम आणि खर्च पहिल्या आकड्याच्या मानाने फारच थोडा. काढलेला भाग काकांनी मुलाला दाखविला. बेअरिंगच्या आत गुळगुळीत पोलादी वाटेवरून पोलादी गोळ्या धावत असतात. त्या वाटेवर नखाला लागेल एवढी खळी पडली होती. प्रत्येक गोळी तिच्यावरून जाताना ठेचकाळत होती, आणि सेकंदाला अनेक वेळा होणाऱ्या त्या ठेचांचाच एक सलग सूर होऊन आमच्या कानी येत होता. असे बेअरिंग तसेच चालविले तर ते तापते, चाकाला ढिलेपणा येतो, आणि शेवटी चाक जागच्या जागी अडकण्याची किंवा निखळण्याची पाळी येऊ शकते. मंगळवारी मावशी वेळेवर रुग्णालयात पोहोचल्या. गिअरबॉक्सला अजून कोणी हात लावलेला नाही.

बेअरिंगच्या आत पाणी शिरणे हे त्याच्या बिघाडाचे एक नेहमीचे कारण आहे, हे आपण बेटवासीयांनी विशेष ध्यानात ठेवावे. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या पावसात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी अक्षरशः तरंगल्या. चाके बुडतील इतक्या पाण्यातून गेलेली किंवा पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू झाली म्हणजे सुटली असे नव्हे. पाणी वंगण बिघडविते, गंज मागून येतो, आणि घुमणे काही महिन्यांनीही सुरू होऊ शकते.

काही ओळखीचे आवाज

पाच प्रश्नांची उत्तरे हाती आली की पुष्कळ आवाज आपले नाव स्वतःच सांगतात.

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गाडी पुढे नेताना कट-कट-कट असा आवाज आला, तर पुढच्या चाकांना फिरविणाऱ्या दांड्याचा बाहेरचा सांधा झिजला आहे. फ्रेंचमध्ये त्याला कार्दां म्हणतात. त्यावरील रबरी टोपी फाटली की वंगण बाहेर उडते, माती आत जाते, आणि मग हा आवाज येतो. टोपी फाटल्याचे वेळीच पाहिले तर बहुधा टोपी बदलून भागते.

ब्रेकजवळ बारीक, कानात घुसणारी किंकाळी येत असेल तर ती पुष्कळदा मुद्दाम ठेवलेली असते. अनेक गाड्यांच्या ब्रेक पॅडला एक छोटी पोलादी पट्टी जोडलेली असते. पॅड झिजून पातळ झाला की ती फिरत्या तबकडीला टेकते आणि ओरडते, ‘आता मला बदला!’ असे सूर म्हाताऱ्या कानांना नीट ऐकू येत नाहीत, कारण वयाबरोबर बारीक आवाज प्रथम हरवतात. म्हणून घरातील मुलगी जर म्हणाली की गाडी शिट्टी वाजविते, तर तिला गप्प बसवू नये.

थंड, ओल्या सकाळी क्युरपिप-वाक्वाकडे गाडी सुरू करताच काही सेकंद किंचाळी येते आणि मग थांबते. तो बहुधा इंजिनापुढील पट्टा घसरल्याचा आवाज. पट्टा सैल झाला आहे किंवा जुना होऊन चिरला आहे.

इंजिनाच्या एकाच ठराविक गतीला पत्र्याची खडखड होते, त्याच्या खाली नाही आणि वरही नाही, तर सायलेन्सरजवळचा उष्णता अडविणारा पातळ पत्रा सैल झालेला असतो. प्रत्येक पत्र्याला आपला एक सूर असतो आणि इंजिनाने नेमका तोच सूर धरला की पत्रा नाचू लागतो. फ्लिक-आँ-फ्लाक किंवा तामारँसारख्या समुद्राकाठच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने त्याचे खिळे गंजतात, म्हणून तेथे हा आवाज लवकर भेटतो.

शामारेलसारख्या चढावर गाडी ओढताना डब्यात खडे हलवावेत तसा आवाज इंजिनातून आला, तर इंधन योग्य क्षणाच्या आधीच किंवा वेडेवाकडे पेट घेते आहे. गिअर खाली आणावा, दाब कमी करावा आणि गाडी लवकर दाखवावी. हे तसेच चालू राहिले तर इंजिनाला आतून इजा होऊ शकते.

जे आवाज ‘थांबा’ म्हणतात

काही आवाज मात्र शोध घेण्यासाठी नसतात, तेथल्या तेथे थांबण्यासाठी असतात. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखी जाड करकर होत असेल, तर पॅड संपले आहेत आणि उतारावर गाडी न थांबण्याची भीती आहे. चाकातून ठकठक येते आणि स्टिअरिंग हातात थरथरते, तर चाकाचे नट सैल असू शकतात. टायर बदलून आणल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासून घ्यावेत, ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. टायरचा धप-धप आवाज वेगाबरोबर वाढतो आणि सीट हलते, तर टायरला फुगा आला असेल. तो कधीही फुटू शकतो. आणि इंजिनाच्या तळातून जड ठोके पडत असताना तेलाचा लाल दिवा लागला, तर शंभर पावलेही पुढे जाऊ नये. बाजूला घ्यावे, इंजिन बंद करावे, आणि ओढून नेणाऱ्याला बोलवावे. अशा वेळी ‘घर जवळच आहे’ हा विचार सर्वांत महाग पडतो.

ज्यांना भिऊ नये असे आवाज

उलट, काही आवाज निरोगी गाडीतही येतात. गाडी बंद केल्यावर येणारी टिकटिक म्हणजे तापलेला सायलेन्सर थंड होऊन आकसतो आहे. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी पहिल्या दोन-चार वेळा खरखरतात. तबकडीवर चढलेला गंजाचा पातळ थर पुसला गेला की ते थांबतात. वातानुकूलन चालू असताना मधूनमधून होणारा ‘टक’ हा त्याच्या यंत्राच्या जोडण्या-सुटण्याचा. कित्येक गाड्यांत सुरुवातीच्या काही मीटरांत क्षणभर गुरगुर होते. ती ब्रेकची विद्युत्-यंत्रणा स्वतःची परीक्षा घेत असते. नव्या विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्या हळू चालताना एक विचित्र गुणगुण करतात, ती तर मुद्दाम बसविलेली असते. पायी चालणाऱ्याला गाडी येत असल्याचे कळावे म्हणून युरोपात अशा सर्व नव्या गाड्यांना २०२१ पासून ती सक्तीची आहे.

कारागिराशी बोलताना

गाडी गॅरेजमध्ये नेली की आवाज नेमका नाहीसा होतो, हा अनुभव कोणाला नाही? म्हणून वही बरोबर न्यावी. ‘पन्नासच्या वर, डाव्या वळणावर, न्यूट्रलमध्येही, पावसाशी संबंध नाही’ – एवढे वाक्य क्रिओलमध्ये सांगितले तरी चांगला कारागीर निम्मा रस्ता चालून गेलेला असतो. शक्य तर त्याला शेजारी बसवून तोच रस्ता फिरवून आणावे. मागे बसलेल्याने मोबाइलवर आवाज टिपून ठेवला असेल तर तोही ऐकवावा.

इंजिनातील आवाज शोधताना जुने कारागीर लांब लाकडी काठीचे किंवा स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक यंत्राच्या स्थिर भागाला टेकवितात व दुसरे कानापाशी धरतात. ही युक्ती थेट वैद्यकातली आहे. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात डॉक्टर लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातूनच पुढे त्यांची लाकडी नळी व आजचा स्टेथोस्कोप आला. मात्र चालू इंजिनाजवळ पदर, ओढणी, मोकळे केस किंवा गळ्यातली साखळी लोंबती ठेवून कोणी वाकू नये. पंखा आपोआप सुरू होतो आणि फिरता पट्टा कोणाची गय करीत नाही. हे काम जाणकारानेच करावे.

या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी कामाची आहे. घरघर, खरखर, करकर, चरचर, खडखड, किणकिण, टिकटिक, धडधड, फुसफुस – एकेका शब्दात आवाजाचा जाडेपणा, ताल आणि धातू सारे आले. घरघर म्हटली की काहीतरी फिरते आहे, खडखड म्हटली की काहीतरी सैल आहे, करकर म्हटली की काहीतरी घासते आहे, फुसफुस म्हटली की काहीतरी गळते आहे. हे शब्द आपल्या आज्यांनी जात्याजवळ, रहाटाजवळ आणि चुलीजवळ कान देऊन घडविले. आज त्यांची नातवंडे घरी क्रिओल बोलतात, आणि हे शब्द ओठांवरून नाहीसे होत चालले आहेत. रविवारच्या प्रवासात मुलांना विचारून पाहा : गाडी घरघरते की खरखरते? त्यांचे कान तयार होतील आणि जिभेवर चार मराठी शब्दही राहतील.

तेव्हा, वाचकहो, गाडी कुरकुरू लागली तर रेडिओ वाढवू नका आणि घाबरूनही जाऊ नका. डिकी रिकामी करा, वही उघडा, पाच प्रश्न विचारा, आणि उत्तर आल्यावरच पैसे काढा. आणि आवाज ‘थांबा’ म्हणत असेल, तर मात्र काहीही न विचारता थांबा.